घमेले बाईच्या डोक्यावर, थापी पुरुषाच्या हाती

इमारतीचे बांधकाम चालू असेल तिथे दहा मिनिटे उभे राहून पाहावे. वाळू कोण चाळते? विटा कोण वाहते? खडी-सिमेंटचे भरलेले घमेले डोक्यावर घेऊन परांचीवरून तिसऱ्या मजल्यावर कोण चढते? बाई. कधी कधी तर पोटात मूल असलेली बाई. वर थापी आणि ओळंबा घेऊन बसलेला गवंडी मात्र पुरुष. गवंडीकाम सोपे आहे असे मी म्हणत नाही. त्यात हातोटी लागते, नजर लागते. पण ज्यात जास्त वजन उचलावे लागते ते काम बाई करते आणि ज्यात जास्त मजुरी मिळते ते पुरुष करतो, हे तर उघड्या डोळ्यांना दिसते. तरीही आपण बिनदिक्कत म्हणतो की अवघड, अंगमेहनतीची कामे पुरुषांची. बाईच्या जातीला ती झेपत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘पुरुषांचे काम’ नावाची गोष्ट ताकदीवरून ठरत नाही, शरीरावरून ठरत नाही आणि धर्मावरूनही ठरत नाही. ती पैशावरून ठरते. ज्या कामात अवजार, परवाना, पक्की नोकरी किंवा बरी मजुरी येते, ते काम पुरुषांचे होते. तेच काम बिनपैशाचे किंवा कवडीमोलाचे असेल तर ते बाईचे असते. त्यात मग हया, परदा, नाजूकपणा काहीही आड येत नाही.

आपल्याच मोहल्ल्यातली उदाहरणे घ्या. घरात रोज तीन वेळा रांधणारी बाई. पण वलीम्याची देग चढवायची असेल तर बावर्ची पुरुष, कारण तिथे हजारो रुपये मोजले जातात. काज-बटन, तुरपाई, जरीच्या कामात डोळे घालवणारी बाई. पण दुकानात कापड कापणारा ‘मास्टर’ पुरुष. मालेगाव, भिवंडीत यंत्रमागाचा खडखडाट चालतो तो पुरुषांच्या हाताखाली; त्या मागासाठी घरात बसून कांड्या भरणारी बाई. सोलापुरात हजार विड्या वळून मोजून देणारी बाई आणि त्या मोजून घेताना दहा-वीस विड्या खराब म्हणून बाजूला काढणारा पुरुष. शेतात दिवसभर कंबरेत वाकून भातलावणी, खुरपणी करणारी बाई. ट्रॅक्टरच्या सीटवर पुरुष. ट्रॅक्टरचे स्टिअरिंग वळवायला भातलावणीपेक्षा जास्त ताकद लागते का, हे कोणत्याही शेतकऱ्याने इमानाने सांगावे.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली. पाझर तलाव खणायला, रस्त्याची खडी फोडायला बायका हजारोंनी आल्या. त्यांनी हातोडे घेतले, दगड फोडले. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा कोणी म्हणाले नाही की हातोडा हे पुरुषाचे अवजार आहे. भूक दारात उभी होती आणि खडी फोडण्याच्या नोकरीला कोणाची स्पर्धा नव्हती. दगड फोडायला बाई चालते. मग दगडाची भिंत रचायला का चालत नाही?

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास हेच सांगतो. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग, रीलिंग ही खाती तर बायकांचीच म्हणून ओळखली जात. मग यंत्रे बदलली, कमी माणसांत जास्त काम करून घेण्याची पद्धत आली, पाळ्या वाढल्या. बायकांना रात्रपाळीत कामावर ठेवायला कायद्याची बंदी होती. त्यामुळे जिथे रात्रपाळी आली तिथून बाई हटली. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात त्या विधेयकाची बाजू मांडली होती. कायदा न्यायाचाच होता, पण भत्ता मालकाने द्यायचा असल्यामुळे मालकांनी बाई ठेवणेच कमी करत आणले. १९८२च्या संपापर्यंत गिरणी कामगार म्हटले की डोळ्यांसमोर फक्त पुरुष यायचा. मधल्या साठ वर्षांत बायकांची ताकद घटली नव्हती. त्यांच्याखालचे काम काढून घेतले गेले आणि पुढच्या पिढीला सांगण्यात आले की गिरणी हे पुरुषांचेच ठिकाण होते.

रात्रीचाच मुद्दा घेऊ, कारण सगळ्यात जास्त तोच पुढे केला जातो. १९४८च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात काम करायला मनाई केली. अलीकडच्या काळात न्यायालयांनी आणि राज्यांनी ती अटींसह सैल केली. कारण काय सांगितले जायचे? रात्र बाईसाठी सुरक्षित नाही. बरे. मग सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका? त्या तर रात्रपाळी करतच आल्या आहेत. त्यांच्या रात्रपाळीवर बंदी घालावी असे कोणाला वाटले नाही, कारण मध्यरात्री आपल्या आजारी बापाची लघवीची पिशवी कोणी बदलायची हा प्रश्न होता. म्हणजे रात्र तीच, रस्ता तोच, बाई तीच. सेवा करायला निघाली तर रात्र सुरक्षित, यंत्र चालवायला निघाली तर असुरक्षित. हा बाईच्या काळजीचा हिशेब नाही.

आणखी एक उदाहरण, मुंबईतलेच. हिंदी सिनेमाच्या धंद्यात मेकअप करणे हे पुरुषांचे काम होते. ऐकून हसू येईल, पण खरे आहे. घरात काजळ-पावडर बाईची. पण सिनेमाच्या सेटवर मेकअपमन पुरुषच. तिथल्या कामगार संघटनेने बायकांना केशभूषाकार म्हणून कार्ड द्यायचे आणि मेकअप कलाकार म्हणून द्यायचेच नाही, असा शिरस्ता अर्ध्या शतकाहून जास्त काळ चालवला. प्रशिक्षण घेतलेली बाई लपूनछपून काम करायची आणि पकडली गेली तर दंड भरायचा. चारू खुराना नावाच्या कलावंतीण न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाविरोधी ठरवली. संघटनेचे म्हणणे काय होते? बायकांना हे काम दिले तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. निदान ते लोक खरे बोलले. ताकदीच्या, शीलाच्या, परंपरेच्या गोष्टी बाजूला ठेवून त्यांनी मूळ गोष्ट सांगून टाकली.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे हा विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, ‘कमावणे ही मर्दाची जिम्मेदारी आहे.’ दुसरे, ‘गैरमर्दांमध्ये बसून काम करणे आपल्यात चालत नाही.’

पहिल्या वाक्याला माझा विरोध नाही. घर चालवण्याची जबाबदारी पुरुषावर आहे हे शरीयतच सांगते. पण जबाबदारी पुरुषावर आहे याचा अर्थ कमाईचा हक्क फक्त पुरुषाला आहे, असा कोठून निघाला? तीच शरीयत सांगते की बाईने कमावलेला पैसा बाईचा. नवऱ्यालाही तो तिच्या मर्जीशिवाय घेता येत नाही. बाई कमावणारच नसती तर हा नियम कशासाठी केला असता? हजरत खदीजा व्यापार करायच्या, आणि त्यांचा माल घेऊन जाणाऱ्यांमध्ये स्वतः पैगंबर होते, हे मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. रुफैदा जखमींवर उपचार करायच्या. उम्मे उमारा उहुदच्या मैदानात तलवार घेऊन उभ्या होत्या. हजरत उमर यांनी मदिनेच्या बाजारावर देखरेख करायला शिफा बिन्त अब्दुल्ला यांना नेमले, असे परंपरेत सांगितले जाते. ही नावे आपण जलशात अभिमानाने घेतो. जलसा संपला की घरी येऊन मुलीला सांगतो, तू ब्युटी पार्लरचा कोर्स कर, नाहीतर शिवणकाम शीक.

दुसऱ्या वाक्यात मात्र ढोंग आहे. धुणीभांडी करणारी बाई परक्याच्या घरात एकटी जाते. भाजीच्या गाडीवर बसणारी बाई दिवसभर गैरमर्दांशीच भाव करते. कचरा वेचणारी पहाटे चारला रस्त्यावर असते. या बायका आपल्याच मोहल्ल्यातल्या आहेत. त्यांच्यासाठी कधी फतवा निघाला? कधी जमातीची बैठक बसली? बैठक बसते ती मुलगी पोलीस भरतीला जाते म्हटल्यावर, मोटार मेकॅनिक व्हायचे म्हटल्यावर. पगार जितका कमी तितका परदा सैल, आणि पगार वाढू लागला की परदा घट्ट, असा हा हिशेब आहे.

त्यातली सगळ्यात क्रूर गोष्ट वेगळीच आहे. आपण बाईला कामाला बाहेर पडू देतो, पण कधी? नवरा वारल्यावर. तलाक झाल्यावर. नवरा अंथरुणाला खिळल्यावर. तेव्हा सगळे म्हणतात, ‘काय करणार बिचारी, मजबुरी आहे.’ मजबुरीला आपल्याकडे लगेच इजाजत मिळते. इच्छेला मिळत नाही. आणि मजबुरीत बाहेर पडलेल्या पस्तीस वर्षांच्या बाईच्या हातात काय असते? कसब नाही, परवाना नाही, प्रमाणपत्र नाही, ओळख नाही. मग तिच्या वाट्याला शहरातले सगळ्यात स्वस्त काम येते. तीन घरची धुणीभांडी किंवा विड्यांची पाटी. हीच बाई अठराव्या वर्षी वायरमनचे काम शिकली असती तर नवरा गेल्यावर ती दुःखी झाली असती, लाचार झाली नसती. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाने नोंदवले होते की काम करणाऱ्या मुस्लिम बायका मोठ्या प्रमाणात घरबसल्या, नगावर मजुरी मिळणाऱ्या कामांत अडकलेल्या आहेत. अहवाल आला तेव्हा आपण आरक्षणावर भांडलो, आणि ते भांडण बरोबरच होते. पण या ओळीवर आपल्या एकाही जमातीने सभा घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझ्या ओळखीतले एक गॅरेजवाले आहेत. त्यांची मुलगी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून त्यांच्याजवळ बसून पाने पुढे करायची. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखायची. दहावीनंतर तिने आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड भरायचा म्हटले. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा आहेत, त्यामुळे प्रवेशाची अडचण नव्हती. बाप तयार होता. चाचा, मामू, शेजारी तयार नव्हते. ‘हात काळे झालेल्या मुलीला कोण करून घेणार?’ मी त्या बैठकीत होतो. मी विचारले, तिच्या अम्मीचे हात तीस वर्षे चुलीने आणि राखेने काळे झाले, तेव्हा कोणी विचारले का? उत्तर आले नाही. मुलीचा अर्ज ड्रेस मेकिंगला भरला गेला. तिच्या भावाला, ज्याला पाना कोणत्या बाजूने फिरवायचा हेही कळत नव्हते, गॅरेजमध्ये बसवले. आज गॅरेज अर्धे बंद आहे. ही एका मुलीची गोष्ट म्हणून सोडून देता येईल, पण एका कुटुंबाने आपला सर्वांत चांगला कारागीर स्वतःच्या हाताने घालवला, असा तिचा अर्थ होतो.

कोणी म्हणेल, दिवस बदलले आहेत, बायका आता विमान चालवतात, रेल्वे चालवतात. हो, चालवतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे चालवू लागल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. मुंबईच्या मुमताज काझी १९९१ पासून रेल्वेत आहेत. डिझेल इंजिन चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक. सुरुवातीला वडिलांचा विरोध होता, ते स्वतः रेल्वेत होते तरी. २०१७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. आपल्या समाजाने त्यांचे फोटो आनंदाने एकमेकांना पाठवले. पाठवावेतच. पण सुरेखाबाई नोकरीला लागून निवृत्त होईपर्यंत एक अख्खी पिढी गेली आणि तरीही इंजिनात बसलेली बाई ही बातमीच राहिली. एसटीत महिला कंडक्टर कित्येक वर्षांपासून आहेत. ड्रायव्हरच्या सीटवर बाई बसायला मात्र २०२३ साल उजाडावे लागले. ‘पहिली महिला’ या बातमीवर शाल आणि श्रीफळ देताना आपण एक गोष्ट विसरतो. दार इतकी वर्षे बंद होते याचा तो पुरावा असतो. आणि सत्कार पहिलीचा होतो. दुसरी, दहावी, शंभरावी आली का, हे विचारायला कोणी येत नाही.

ती का येत नाही, याचे उत्तर विमान आणि रेल्वे शेजारी ठेवून पाहिले की मिळते. भारतात वैमानिकांमध्ये बायकांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. रेल्वे इंजिनात मात्र बाई आजही विरळा. भारतातली मुलगी आकाशात धीट आणि रुळांवर भित्री असते का? फरक सोयींचा आहे. विमानात शौचालय असते. रात्रीच्या उड्डाणासाठी कंपनीची गाडी घरी न्यायला-सोडायला येते. रेल्वेच्या बहुतेक जुन्या इंजिनांत शौचालयच नाही. मालगाडीवर आठ-दहा तास बसायचे, पाणी प्यायचे नाही, आणि मासिक पाळीच्या दिवसांत काय करायचे ते आपले आपण पाहायचे. मग साहेब म्हणतात, बायका स्वतःच हे काम मागत नाहीत. दाराला कुलूप लावायचे आणि वर म्हणायचे, कोणी आत येतच नाही.

सरकारही यात मागे नव्हते. सैन्यात बायकांना कायमस्वरूपी कमिशन देण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आले की बहुतांश जवान ग्रामीण भागातले आहेत, बाईचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पण त्या युक्तिवादाकडे नीट पाहा. दोष पुरुषाच्या मनात आणि शिक्षा बाईला. आपल्या मोहल्ल्यातला ‘लोक काय म्हणतील’ आणि दिल्लीतला ‘जवान ऐकणार नाहीत’ यांत मला काडीचाही फरक दिसत नाही.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. ‘आमच्या पोरांनाच काम नाही, तिथे मुलींना कुठून?’ बेकारीने पिचलेला बाप हे बोलतो तेव्हा त्यात खोटेपणा नसतो. पण त्याने पुढचा विचार करावा. आपल्या वस्तीतली बहुतेक घरे एका कमावत्यावर उभी आहेत, आणि तो कमावता बहुधा रिक्षा, फळगाडी, छोटे दुकान, रोजंदारी यांतला. एक अपघात, एक दंगल, एक आजारपण आले की घर रस्त्यावर. दोन पायांवर उभे असलेले घर एका पायावरच्या घरापेक्षा लवकर पडत नाही. दुसरे, मालकाला स्वस्तातली, मुकाट्याने राबणारी बाई मिळते तोवर पुरुषाची मजुरीही वाढत नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तो चुकवायची युक्ती सोपी आहे: पुरुषाला ‘कारागीर’ म्हणायचे आणि बाईला ‘मदतनीस’. बाईच्या हाती कसब आणि कारागीराचे कार्ड आले तर ही युक्ती चालत नाही, आणि त्याचा फायदा तिच्या भावालाही होतो.

बाहेरच्या वाचकांनाही एक सांगायचे आहे. मुस्लिम बाईची दया येणारे पुष्कळ आहेत. तिला काम देणारे थोडे. माझ्या नात्यातली एक मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगची पदविका घेऊन एका ठेकेदाराकडे मुलाखतीला गेली. घरच्यांशी वर्षभर भांडून ती तिथवर पोहोचली होती. तिथे तिला विचारले गेले, ‘साइटवर हा स्कार्फ घालूनच येणार का?’ स्कार्फवर हेल्मेट बसते, हे तिने सांगितले. फोन करतो म्हणाले. फोन आला नाही. घरातून ‘बाहेर जाऊ नको’ आणि बाहेरून ‘आत येऊ नको’. मधल्या उंबरठ्यावर उभी असलेली ही मुलगी कोणाच्या भाषणात येत नाही. तिची मुक्ती ज्यांना हवी आहे त्यांनी आधी तिचा अर्ज उघडून वाचावा.

मला क्रांतीची भाषा येत नाही. साध्या चार गोष्टी मागतो. जमातीच्या आणि बिरादरीच्या ट्रस्टांनी मुलींसाठीच्या शिष्यवृत्त्या फक्त डी.एड., बी.एड. आणि शिवणकामावर न थांबवता इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, ड्रायव्हिंग यांनाही द्याव्यात. जकातीतून गरजू विधवेला शिलाई मशीन देण्याआधी तिला विचारावे की तिला रिक्षाचा परवाना हवा आहे का. ज्यांची गॅरेजे, कारखाने, यंत्रमाग आहेत त्यांनी कामाच्या जागी बायकांसाठी कडी लागणारे एक शौचालय बांधावे. बांधकाम फार नाही, दोन दिवसांचे आहे. आणि सरकारने बाळंतपणाच्या रजेचा पूर्ण भार एकट्या मालकावर न टाकता त्यात स्वतःचा वाटा उचलावा, नाहीतर १९२९ नंतर गिरण्यांत घडले तेच पुन्हा घडत राहील.

आणि बापांना, भावांना एक विनंती. जूनमध्ये आयटीआयचे अर्ज सुटतात. अर्जात ट्रेड लिहायच्या रकान्यात पेन तुमच्या हातात असते. या वर्षी ते मुलीच्या हातात द्या आणि ती काय लिहिते ते पाहा.